फोटो स्वच्छ आला

आईच्या छातीत डाग सापडावा म्हणून लेक देवाला हात जोडून बसला होता. असलं मागणं त्या बिचाऱ्या देवानंही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

सकाळपासून आईला उलट्या, मग धाप, मग गुंगी. साखर मीटरवर मावेना. दवाखान्यात आणून सलाइन लावल्यावर ती डोळे उघडून बोलू लागली. साखर एकाएकी इतकी चढली तर आत कुठेतरी संसर्ग असतो, बरेचदा छातीत, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढायला लावला. तेव्हा कुठे लेकाच्या जिवात जीव आला.

कारण गेल्या आठवड्यात आणलेली इन्शुलिनची बाटली तो गाडीतच विसरला होता. दिवसभर उन्हात. संध्याकाळी उचलली तर हाताला कढत लागली. तापलं की हे औषध निकामी होतं. नवी आणायचा कंटाळा, घरच्यांची बोलणी खायची लाज. मुकाट्यानं फ्रीजमध्ये ठेवून दिली. गार झाली की झालं! रोज तीच टोचत आला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. "छाती स्वच्छ आहे. लघवीतही काही नाही."

"देव पावला गं बाई!" त्याची थोरली ताई म्हणाली.

लेकाचे जोडलेले हात सुटले.

"मग साखर चढली कशानं? आजी, इंजेक्शन चुकलं होतं का?"

"छे हो! रोज हाच देतो. मुंगी चावल्याइतकंही कळत नाही."

"बाटली फ्रीजमध्येच ठेवता ना?"

"ठेवता म्हणजे? मला हात लावू देत नाही मेला. म्हणतो, आई, तुझ्या हातानं गरम होईल."

"शेंडेफळ ना!" ताई हसली. "आम्हाला कधी साधं पाणी विचारलं नाही यानं."

डॉक्टरीणबाईही हसल्या. लेकाचे कान तापले. बोल, आता तरी बोल, असं आतून कुणीतरी ढोसत होतं. त्यानं तोंड उघडलं.

"डॉक्टर, फोटो... परत एकदा काढून बघता का?"

"अरे, चांगला आलाय की! परत कशाला?" ताई म्हणाली.

आईनं सलाइनचा हात हळूच उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. "काढू दे गं. काळजीनं अर्धं झालंय माझं पोर."