बैलाची भूक

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार सुग्या झाल्या होत्या. करमाडच्या कारभारी पाटलाच्या खळ्यावर विधवा सरूबाई तोंडाला मुसकी बांधलेल्या बैलांमागं कणसं सारायची. घरची चूल दोन दोन दिवस पेटायची नाही, तेव्हा हळूच ज्वारीचे चार दाणे तोंडात टाकायची. पण पाटलाची नजर घारीची! "भवाने, चरायला आलीस व्हय?" म्हणत आसुडाचा दांडा पाठीत बसायचा.

पाटील देवाला मात्र लई भ्यायचा. खंडोबाला भंडारा, दर्ग्यावर चादर, मिशनच्या पाळकालाही वाकून रामराम. कोणता देव कधी कोपेल, नेम नाही. म्हणून सरूबाईनं पाळकांचेच पाय धरले. ते सायकल मारत खळ्यावर आले, बायबलातला जुना करार उघडला आणि म्हणाले, "पाटील, मळणीच्या बैलाचं तोंड बांधायचं नाही, असा देवाचा हुकूम आहे. बैलाच्या भुकेची त्याला एवढी काळजी, तर माणसाच्या किती असेल?"

पाटलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लई पाप झालं, पाळकसाहेब," म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं बैलांची मुसकी सोडली. बैल कणसांवर तुटून पडले. सरूबाईनं पदराआड हात जोडले; आता आपल्यालाही मूठभर खाता येईल.

पाळकांची सायकल दिसेनाशी झाली, तसा पाटील हातातलं मुसकं घेऊन तिच्याकडं वळला.


"पुस्तकात बैलाचं नाव हाय, सरू. तुझं नाय. तोंड पुढं कर."