एक नंबरची किंकाळी

क्लेटनने उजव्या हाताची बोटं मेकअपरूमच्या दाराच्या फटीत घातली आणि ड्वेनकडे पाहिलं. "हाण!"

ड्वेनचं धाबं दणाणलं. बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा, क्लेटन गायचा. गेल्या वर्षी स्टुडिओत दोघांची जुंपली, तेव्हा रागाच्या भरात ड्वेननेच असं दार आपटलं होतं. क्लेटनची बोटं चिरडली. माइक चालूच होता. ती किंकाळी गाण्याच्या सुरुवातीला तशीच ठेवली आणि गाणं अख्ख्या अमेरिकेत एक नंबरवर गेलं.

तेव्हापासून पब्लिकला स्टेजवरही तीच किंकाळी हवी होती. क्लेटन घसा फुटेस्तोवर ओरडला, तरी अंगावर बाटल्याच आल्या. गाणं घसरायला लागलं.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं रे."

"तेव्हा बरं जमलं! आज तर मी स्वतः सांगतोय." क्लेटनने कॉलरचा माइक चालू केला.

ड्वेनने राग आणून पाहिला. आलं ते रडूच. डोळे मिटून त्याने दारावर लाथ घातली.

बाहेर पब्लिकने स्टेडियम डोक्यावर घेतलं. रक्ताळलेली बोटं छातीशी धरून क्लेटन जमिनीवर कोसळला होता, पण हसत होता.

"ऐकलंस? उद्या डावा हात."