हातांचा वास

चार वाजले. अतिदक्षता विभागात एकालाच सोडत. नीराबाईने आजही मुलाला पुढे केलं.

"तूच जा. मी न्हाय येत."

विनेश पास घेऊन आत गेला. नीराबाई बाकावर बसली. शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली. किशोरी तेवढी हलली नाही. चाळिशीची किशोरी चार दिवस याच बाकावर दिसत होती.

"मासळीबाजारात जाऊन आलेय. तू नाकात कापूस घातलास का गं?" नीराबाईने विचारलं.

"थळला माझं आजोळ आहे, काकू. बोंबलाच्या वाळणीत खेळलेय मी."

"मंग आमच्याच गावची तू."

किशोरीने मान खाली घातली.

जाळं सावरताना नीराबाईच्या नवऱ्याला, अनंताला, मण्यार चावली होती. पाच दिवसांत विष उतरलं. सहाव्या दिवशी श्वासाचं मशीन काढायचं, तर आदल्या रात्रीच ताप भरला. नळीवाटे छातीत जंतू गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. कुठून, तर बहुतेक कुणाच्या तरी हातावरून.

"आये, तू बाजारातून तशीच आलीस ना त्या दिवशी?" विनेश एवढंच म्हणाला होता.

आली होती. सुरमई कापून, हात नुसते विसळून. गावदेवीचा अंगारा तिने अनंताच्या कपाळाला लावला आणि तेच बोट त्याच्या ओठांवरून फिरवलं. तेव्हापासून ती आत गेली नव्हती. चिंचेने, राखेने, लिंबाने हात घासत होती. नखांच्या कडा फाटल्या होत्या.

किशोरीने पिशवीतून बाटली काढली आणि नीराबाईच्या तळव्यावर जंतू मारायचं औषध ओतलं. बोटांच्या बेचक्यांत चोळलं, अंगठे, नखं, मनगटं.

"मास्तरीण हायस का?"

"नाही."

"कामावर जात न्हायस मंग?"

"सुट्टीवर आहे सध्या."

वॉचमन सगळ्यांचे पास तपासत आला. किशोरीपाशी न थांबता पुढे गेला.

"तुजं कोण हाय आत?"

"तीन नंबरला होते एक आजोबा. सोमवारी गेले."

नीराबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. माणूस गेलं तरी हिचा पाय इथून निघत नाही, असं तिला वाटलं.

"आमचे चार नंबरला. आतल्या नर्सबाया जीव लावून बघतात गं. टोपी, मास्क, नुसते डोळे दिसतात. ओळख पटत न्हाय, न्हायतर एकेकीला पापलेट दिलं असतं."

किशोरीने हात पदराखाली घेतले.

दार उघडलं. विनेश बाहेर आला.

"आये, बाबांनी डोळे उघडलेत. दाराकडे बघतायत. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, आईला आजच आत पाठवा."

नीराबाई उठली आणि पुन्हा बसली.

"याच हातांनी दिलं त्यांना. तेच घेऊन कशी जाऊ?"

"आये, मी उगाच बोललो."

"उगाच न्हाय. खरं बोललास."

किशोरी उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"काकू, तुम्ही जा. त्यांचा हात धरा. ताप भरला त्याच्या दोन रात्री आधी आत ड्यूटी माझी होती. तीन नंबरच्या आजोबांची नळी साफ केली, आणि हातमोजे न बदलता काकांची नळी धरली. आजोळचं माणूस म्हणून, बाकीच्यांना सोडून आधी त्यांच्याकडे धावले."