पाठकोरी पत्रं

“ताई, लेक अठरा वर्षांची झाली की हे पत्र तिच्या हातात द्या,” बाळाला आमच्या अनाथाश्रमात ठेवताना तिची आई म्हणाली होती. मी देवासमक्ष शब्द दिला. आज लेक समोर बसली होती. पत्र उरलं नव्हतं. आश्रमाच्या नव्या साहेबांनी सगळ्या कपाटांतले कागद स्कॅन करून रद्दीत घातले होते. कॉम्प्युटरवर फाईल चटकन सापडली. नाव, तारीख, क्रमांक, सगळं चोख. उघडली तर पांढरं पान. पुढच्या फायलीही तशाच. पाठकोरी पत्रं मशीनमध्ये उलटी सरकवली होती. हजारो पत्रांच्या नुसत्या पाठी जपल्या होत्या. “अहो ताई, फाईल जागेवर आहे ना?” साहेब म्हणाले. “आईनं माझ्यासाठी कोरंच पान ठेवलं?” लेकीनं विचारलं. “नाही गं बाळा, काठोकाठ लिहिलं होतं.” तिची आई पाण्याच्या टाकीमागं राहायची, एवढंच आठवत होतं. चपला घालून मी निघाले.