मन आवरल्यावर

मिरजेच्या दुकानात सुनेत्राने सतारीवरून हात फिरवला, तसा सतारीच्या किमतीचा आकडा एकदम दुप्पट झाला. आता सगळ्याच दुकानांतले कॅमेरे गिऱ्हाइकाची नाडी टिपून भाव ठरवत.

“मन आवर जरा,” नवरा यशोधन कुजबुजला. “आकडा उतरला की घेऊ.”

लग्नाआधी ती रोज वाजवायची. आता तिने गुणगुणणंही सोडलं. जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं एकेक करून पुसून टाकली. सुरुवातीला रडू यायचं, मग तेही थांबलं.

वर्षभराने दोघं पुन्हा दुकानात आली. सुनेत्रा सतारीसमोर उभी राहिली आणि आकडा पार तळाला गेला.

“जमलं की गं तुला!” यशोधन हरखून म्हणाला. “चल, घेऊन टाकू.”

“कशाला?” सुनेत्राने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.