तेतच्या सकाळचं इंजेक्शन

"कडीला हात लावलास तर याद राख!" थोआबाई मुलावर ओरडल्या.

विनने हात मागे घेतला. तेतचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा, पहिला दिवस. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्या गुणानं सगळं वर्ष जातं. म्हणून थोआबाईंनी साउकाकांना आवतण दिलं होतं. माणूस वाघाच्या सालात जन्मलेला, पोट सुटलेला, गडगडून हसणारा आणि घरभर नातवंडं असलेला. यंदाच्या घोड्याच्या सालाला असाच माणूस लागतो. विन आणि लिएन, मुलगा-सून दोघंही उंदराच्या सालातले, आणि उंदराचं घोड्याशी वाकडं. त्यांच्यापैकी कुणी बाहेर जाऊन आत आलं, की वर्षाचं मातेरं. तेव्हा साउकाका येईपर्यंत पुढचं दार बंद, मागचंही बंद.

पण साउकाका येईनात. विनने फोन लावला, तर त्यांची बायको वैतागलेली. "काल रात्री तांदळाची दारू ढोसलीय मेल्याने. हलवून हलवून माझे हात गळाले. दुपारपर्यंत काही खरं नाही बघ."

आणि इकडे लिएनच्या इंजेक्शनची वेळ होऊन गेली होती.

डॉक्टरांनी सासू-सुनेला शेजारी बसवून सगळं समजावलं होतं. गर्भाशयाला आतून अस्तर असतं. एक संप्रेरक त्याची गादी जाड करतं. मग दुसरं येतं, प्रोजेस्टेरॉन. ते गादी मऊ करतं आणि दार उघडतं. दार थोडाच वेळ उघडं राहतं. मागच्या खेपेला गर्भ चांगला होता, पण दार उघडायच्या आधीच पोचला. रुजला नाही. या खेपेला अस्तर नीट तपासून मगच गर्भ आत ठेवला होता. गोठवून ठेवलेल्या गर्भांतला हा शेवटचा.

"आता इंजेक्शन चुकवायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "ते थांबलं तर शरीर गादी गुंडाळतं आणि पाहुण्यालाही बाहेर काढतं."

इंजेक्शन द्यायची गल्लीतली थाम नर्स. पावसाळ्यात तिचा नवरा गेला. तिच्या छातीवर अजून काळी फीत होती, आणि दुखवट्यातलं माणूस तेतला कुणाच्या घरी जात नाही. थोआबाईंनी त्यावर तोड काढली होती. पुढून साउकाका आले, की मागून गुपचूप थाम. आता ती तोड साउकाकांच्या शेजारी घोरत पडली होती. विनचा उपयोग शून्य. सुई दिसली की त्याला घेरी यायची.

मागच्या दारावर हलकी टकटक झाली.

"थोआताई, मी थाम. उशीर होतोय. काय करू?"

"आई, खिडकीच्या गजातून देऊ दे ना तिला," विन म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का? कमरेखालचं इंजेक्शन ते! वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या सुनेचं बूड अख्ख्या गल्लीला दाखवू?"

लिएन फिसकन हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "आई, हा शेवटचा आहे हो," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

थोआबाईंनी पूर्वजांच्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. अंडी घालून शिजवलेलं डुकराचं मटण, कलिंगड, पिवळी फुलं, सगळं कसं रीतीनं मांडलेलं. आयुष्यात त्यांनी एकही तेत चुकीच्या पावलानं सुरू होऊ दिला नव्हता. त्या उठल्या. मागच्या दाराकडे न जाता तरातरा पुढे गेल्या आणि कडी काढून दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"थाम! मागे काय चोरासारखी उभी? पुढून ये."

थाम वळसा घालून आली, पण पायरीशीच थबकली. तिनं हातानं फीत झाकली. "नको ताई. माझं पहिलं पाऊल तुमच्या घरात नको. उद्या काही झालं तर मीच मला माफ करणार नाही."

"तुझं पहिलं कुठून आलं?" थोआबाईंनी तिचा हात धरला. "यंदाचा पाहुणा केव्हाच आत येऊन बसलाय. तू त्याची गादी सांभाळायला आलीस. चल, ये."

थामनं डोळे पुसले आणि उंबरठा ओलांडला.

विनला मात्र राहवेना. "पण आई, पाऊल नव्या वर्षात पडायला हवं ना? हा तर जुन्या सालातच आलाय!"

"गप रे! दार उघडं असताना आला ना? मग तोच मुहूर्त."