नंतर मांडलेली चूल

"शर्मिष्ठाने फारच आग्रह केला गं, खालीच जेवून आलो," असं म्हणत भास्करने वासंतीने वाढलेलं ताट बाजूला सारलं आणि उत्खननाचे फोटो टेबलावर पसरले.

१९९४ साली लखनौच्या इंदिरा नगरात भास्कर आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच घरात राहत होते. धाकट्या जावेच्या, शर्मिष्ठाच्या, स्वयंपाकाचं कौतुक ऐकून ऐकून वासंतीने दिवाळीनंतर वरच्या मजल्यावर वेगळा गॅस मांडला होता.

"अडीच हजार वर्षांपूर्वीचं घर सापडलंय. अंगण एकच, पण चुली दोन. आमचे साहेब म्हणतात, एक पूजेची असेल," भास्कर सांगू लागला.

"पूजेची कसली? दोन जावा असतील," वासंती म्हणाली. "एकीच्याच हातचं सगळ्यांना गोड लागत असेल, म्हणून दुसरीने वेगळी चूल मांडली."

"अच्छा! मग ती हीच, नंतर मांडलेली. हिच्यात राख अगदीच थोडी मिळाली." भास्करने खुशीत फोटोतल्या एका चुलीवर बोट ठेवलं. "म्हणजे दोघींचं लवकरच पटलं म्हणायचं."

वासंतीने त्याने बाजूला सारलेलं ताट उचललं.

"किंवा हिच्याकडे कुणी जेवायला आलंच नसेल," ती म्हणाली.